एक्कावन्न भजनांची वही

आवडत्या गायकाची गाणी ऐकत बसणे हे सुखाचे. त्यांतील मोजकी निवडून बाकीची बाजूस ठेवणे मात्र कठीण. आणि ती निवड दहा जणांनी एकत्र बसून करावयाची म्हटली म्हणजे घरच्या लग्नात मानपानाची यादी करण्याइतकेच ते काम नाजूक होऊन बसते. कोणाचे नाव राहिले की रुसवा ठरलेला. अंजनगाव सुर्जीहून एका वाचकभगिनीचे लांबलचक पत्र गेल्या महिन्यात आम्हांस आले. त्यात अशाच एका रुसव्याची हकीकत आहे. परंतु रुसव्याच्या पोटात जो प्रश्न दडला आहे तो एका आळीपुरता नाही, म्हणून या वेळचे सदर त्या पत्रासच दिले आहे.

पत्रातील मजकूर थोडक्यात असा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने गाणारे दहाबारा स्त्रीपुरुष त्यांच्या आळीत दर आठवड्यास जमतात. महाराजांच्या सबंध आयुष्यातील रचनांमधून एक्कावन्न भजने निवडावी, त्यांची एक लहानशी वही छापावी, आणि तीच भजने गाऊन ध्वनिमुद्रितही करून ठेवावी, असे त्यांनी ठरविले. प्रत्येकाने आपापल्या आवडीची पंचवीस भजने लिहून आणली. सगळ्या याद्या शेजारी शेजारी मांडून पाहिल्या, तो सर्वांच्या यादीत आलेली भजने निघाली अवघी चार! तेव्हापासून तीन महिने बैठका चालल्या आहेत. मध्यंतरी भगिनीचे मामंजी आणि धाकटे दीर यांचे आठ दिवस बोलणे बंद होते. अखेर कंटाळून त्यांनी आम्हांस दोन प्रश्न विचारले आहेत. निवड कोणत्या कसोटीने करावी, हा पहिला. आणि वगळण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर चार शहाणी माणसे चार प्रकारे देतील. दुसरा प्रश्न विचारल्याबद्दल मात्र या भगिनीविषयी आमच्या मनात आदर उत्पन्न झाला.

अंजनगाव सुर्जीचे नाव घेतले की इतिहासाच्या विद्यार्थ्यास ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी केलेला तह आठवतो, आणि बाजारच्या माणसास तेथील पानमळे व पानपिंपळी आठवते. आम्हांस तिसरीच गोष्ट आठवते. तो तह झाला तेव्हा याच गावचे देवनाथ महाराज एकोणपन्नास वर्षांचे होते. जन्म १७५४, समाधी १८२१. एकनाथांच्या गुरुपरंपरेतील हे सत्पुरुष स्वतः पदे रचीत आणि स्वतःच कीर्तनात ती गात. त्यांचे कटाव विशेष नावाजलेले. अनुप्रासांनी खच्चून भरलेला, धावत्या लयीचा हा रचनाप्रकार कसलेल्या कीर्तनकाराचा श्वास पाहणारा असतो. त्यांचे शिष्य दयाळनाथ (१७८८–१८३६) हेही तसेच कवी आणि गायक. आता विचार करा, या गुरुशिष्यांच्या रचनांपैकी कोणत्या गावयाच्या हे ठरविण्यासाठी कोणी कधी बैठक भरविली होती काय? नाही. तरीही निवड झालीच. एका पिढीच्या कीर्तनकाराने जे पद गाईले नाही ते पुढच्या पिढीच्या कानी पडले नाही, आणि जे कानी पडले नाही ते पोथीत असूनही गाण्यातून गेले. तेव्हा वगळण्याचा अधिकार कोणी दिला, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या भगिनीच्या गावातच आहे. माणसे बसून वगळीत नाहीत, तेव्हा विस्मरण वगळीत असते. आणि विस्मरणाशी वाद घालण्याची सोय नसते. मामंजींशी निदान वाद घालता येतो.

दुसरे उदाहरण त्याच तालुक्यातले. शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या गाडगेबाबांनी आपल्या हाताने काही लिहून ठेवले नाही. त्यांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी चाललेला सवालजबाब. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे त्यांनी केलेले अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, आणि त्यानंतर दीड महिन्याच्या आतच, २० डिसेंबरला, बाबा गेले. ते मुद्रण झाले नसते तर त्यांच्या आवाजातील तो खणखणीतपणा आजच्या मुलांस कोणत्या शब्दांनी समजावून सांगावयाचा होता?

तुकडोजी महाराजांची गोष्ट या दोघांहून निराळी. त्यांचे लिहिलेले पुष्कळ आहे, इतके की त्याचाच भार वाटावा. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेला माणिक नावाचा हा मुलगा, वरखेडचे आडकोजी महाराज हे त्याचे गुरू. शाळा फारशी झाली नाही. हाती खंजिरी आली आणि ती अखेरपर्यंत सुटली नाही. १९३५ साली मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापन झाला. १९३६ साली सेवाग्रामास गांधीजींच्या सहवासात महाराज राहिले. १९४२ च्या चळवळीत त्यांस अटक होऊन नागपूर व रायपूर येथील तुरुंगवास घडला. १९५५ साली जपानात भरलेल्या जागतिक धर्मपरिषदेत त्यांची खंजिरी वाजली. आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजात त्यांनी देह ठेवला. एकेचाळीस अध्यायांची आणि ४६७५ ओव्यांची ग्रामगीता आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. ती एकच आहे, म्हणून तिच्याविषयी भांडण नाही. भांडण आहे ते भजनांविषयी, कारण मराठी आणि हिंदी मिळून ती हजारोंनी आहेत.

हिंदी भजने वहीत असावी की नसावी, यावरून अंजनगावच्या मंडळात बरीच खडाजंगी झालेली दिसते. मराठी वहीत हिंदी कशाला, असे एका गृहस्थांचे म्हणणे. त्यांस आम्ही एवढेच सांगू की, १९५६ पर्यंत आपला वऱ्हाड हिंदीभाषक मुलखाशी एका प्रांतात नांदत होता. अमरावतीच्या माणसास बाजारात, कचेरीत आणि आगगाडीत हिंदी परकी नव्हती. महाराज दोन्ही भाषांत गात ते हौसेखातर नव्हे, समोर बसलेली माणसे दोन्ही भाषांची असत म्हणून. हिंदी भजने काढून टाकली तर महाराजांचे अर्धे श्रोते बैठकीतून उठविल्यासारखे होईल.

आता कसोटीविषयी. पत्रासोबत भगिनीने सर्वांच्या याद्यांची एक प्रत पाठविली आहे. ती आम्ही दोन वेळा वाचली, आणि वाचताना भजनांपेक्षा माणसेच अधिक दिसू लागली. मामंजींची यादी सारी सुरुवातीच्या काळातील. ध्यान, विरह, गुरुकृपा. धाकटे दीर शिक्षक आहेत. त्यांच्या यादीत गावची सफाई, व्यायाम, व्यसनमुक्ती. मोठ्या जाऊबाईंनी देवीची आणि विठोबाची भजने घेतली आहेत. एका तरुण मुलाने मोबाईलवर ज्यांची गाणी झाली आहेत तेवढीच लिहिली. यात कोणाचीही लबाडी नाही. प्रेम करणारा माणूस आपल्यास जो गायक भेटला तोच खरा समजतो, आणि ते साहजिक आहे. परंतु वही काढावयाची ती मामंजींच्या तुकडोजींची नव्हे, दिरांच्याही नव्हे. विशीतल्या ध्यानमग्न तरुणापासून १९६२ व १९६५ च्या युद्धप्रसंगी सीमेवर जाऊन जवानांपुढे गाणाऱ्या वृद्धापर्यंत एकच माणूस चालत गेला आहे. वाचणाऱ्यास ती वाट दिसली पाहिजे. म्हणून भजने विषयवार न लावता, ज्यांचा काळ ठाऊक आहे ती काळानुसार लावावी असे आमचे मत आहे. रवींद्रनाथांचे या बाबतीत उलट मत होते. त्यांच्या गीतांचा ‘गीतवितान’ हा संग्रह प्रथम काळानुक्रमे छापला गेला, आणि पुढे त्यांनी स्वतःच तो मोडून पूजा, स्वदेश, प्रेम, प्रकृती अशा विषयांनी लावला. पण कवी हयात असता आपले घर आपण हवे तसे लावू शकतो. मागे राहिलेल्यांनी ते लावताना थोडा संकोच बाळगावा हे बरे.

‘या झोपडीत माझ्या’ आणि ‘मनी नाही भाव’ यांसाठी मंडळाने एक मिनिटही घालवू नये. ती कोणाच्या वकिलीवाचून आत येतात. सर्वांच्या याद्यांत असलेल्या चारांत ती दोन आहेतच. तीन महिने खर्चावयाचे ते ज्यांस कोणी वकील नाही त्यांच्यासाठी.

अशी कोणती? पत्रातील एक वाक्य आम्हांस जरा खटकले. ‘आमच्याकडे पूजेच्या वेळी म्हणण्यास अडचण वाटेल अशी भजने बहुमताने काढली’, असे भगिनी लिहितात. ही अडचणीची भजने कोणती हे त्यांनी प्रामाणिकपणे खाली दिले आहे: अस्पृश्यतेवर कोरडे ओढणारी, लग्नातील उधळपट्टीस नावे ठेवणारी, पोकळ सोवळ्याची टर उडविणारी, आणि बेचाळीसच्या आंदोलनातील. या शेवटच्या प्रकारातले चिमूरच्या आंदोलनाशी जोडले गेलेले, शस्त्रांच्या रूपकाचे प्रसिद्ध भजन तर ‘आता त्याचे काय प्रयोजन’ म्हणून गळाले. वाचकहो, येथे आमचा मंडळाशी स्पष्ट मतभेद आहे. ज्या गाण्यांच्या काळात गाणारा तुरुंगात गेला, ती गाणी काढून त्याच्या आयुष्याची वही होत नाही. आणि दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आपल्या घरांतून नाट्यपदांचा आणि रागदारीचा अभिमान पूर्वीपासून; खंजिरीकडे पाहण्याची आपली नजर फार दिवस जराशी वरून खाली होती. खंजिरी ओसरीवर आली तीही उशिरा. आता ती माजघरापर्यंत आली आहे तर तिच्याकडून गोड तेवढे ऐकावयाचे आणि आपल्यास टोचणारे बाजूस ठेवावयाचे, हे पाहुणचाराच्या रीतीस धरून नाही. गंमत अशी की, ‘मनी नाही भाव’ हे आपण टाळ्या वाजवून म्हणतो त्या भजनात भावावाचून चाललेल्या पूजेचा समाचारच घेतलेला आहे. चाल इतकी गोड की बोल कोणास उद्देशून आहेत हे म्हणणाऱ्याच्या ध्यानी येत नाही!

अडचणीच्या भजनांतील निदान दहा वहीत असावी. ती पूजेच्या वेळी न म्हटली तरी चालेल. वही काही केवळ पूजेसाठी नाही.

शुद्धलेखनाविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण मंडळातील एका निवृत्त गृहस्थांनी भजनांची भाषा ‘थोडी सुधारून घेण्याचे’ काम आपल्याकडे घेतले आहे असे कळते. त्यांच्या विद्वत्तेविषयी शंका नाही. परंतु त्यांनी ते काम कृपा करून खाली ठेवावे. तुकोबांच्या गाथेची जी आवृत्ती १८६९ ते १८७३ या काळात सरकारी साहाय्याने निघाली, तिच्यासाठी देहू, कडूस, तळेगाव, पंढरपूर येथील पोथ्या मिळवून एकमेकींशी ताडून पाहिल्या होत्या. पाठ निराळा आढळला तर तो नोंदवावयाचा, आपल्या पदरचा घालावयाचा नाही, ही शिस्त विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी दीडशे वर्षांपूर्वी पाळली. वऱ्हाडी वळणाचा एखादा शब्द व्याकरणात बसत नसेल तर न बसो. खंजिरीच्या ठेक्यात तो बसलेला आहे. तो बदलला की ठेका अडखळतो, आणि मग गाणाऱ्यास वाटते आपलेच चुकले.

त्या गाथेत ४६०७ अभंग आहेत. वारकऱ्यांच्या नित्य म्हणण्यात येणाऱ्या भजनी मालिकेत त्यांतील थोडकेच. पंडितांनी सारे जपले, गाणाऱ्यांनी निवडले. दोघांचीही कामे आवश्यक आणि निरनिराळी. गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात तुकोबांचे मोजके अभंग इंग्रजीत उतरविले, तीही एक निवडच. एकट्या माणसाने, एकांतात, स्वतःच्या गरजेपुरती केलेली. तीत कोणास दुखविण्याचा प्रश्नच नव्हता. अंजनगावच्या मंडळास ती चैन नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आम्ही मुद्दाम मागे ठेवला आहे. भजनाच्या छापील पुस्तकात शब्द येतात. चाल येत नाही. पुष्कळ ठिकाणी वर कंसात ‘चाल’ किंवा ‘तर्ज’ असे लिहून दुसऱ्या एखाद्या गाण्याचे नाव दिलेले असते. छापले त्या वेळी ते गाणे घरोघर ठाऊक होते. आज? एखाद्या जुन्या नाटकातले पद, एखाद्या बोलपटातले गीत, एखादे कीर्तनातले चूर्णिकेसारखे धावते पद. त्याचे नाव वाचून आजच्या मुलीच्या ओठी काहीच येत नाही. म्हणजे कुलूप आहे आणि किल्लीचे नावही लिहून ठेवले आहे, पण किल्ली हरवली आहे. बंगाल्यांनी ही काळजी वेळीच घेतली. दिनेंद्रनाथ ठाकूर आणि इतर जाणकारांनी रवींद्रांच्या गीतांची स्वरलिपी करून ठेवली, आणि ‘स्वरवितान’ या नावाने तिचे साठांहून अधिक खंड झाले. गीताचे शब्द एका ग्रंथात, सूर दुसऱ्यात. महाराजांच्या स्वतःच्या आवाजातील काही मुद्रणे आहेत, ती ऐकावयास मिळतात, हे आपले भाग्य. परंतु हजारो भजनांच्या मानाने ती किती! बाकीच्या चाली कोठे आहेत? त्या माणसांत आहेत, आणि ती माणसे ऐंशीच्या पुढची आहेत.

भगिनीच्या पत्राच्या अगदी शेवटी, समासात, बारीक अक्षरात एक ओळ आहे. त्यांच्या सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. लहानपणी माहेरी त्यांनी महाराजांचे भजन प्रत्यक्ष ऐकले होते, दाराआडून. त्यांस एक भजन मंडळाच्या चालीहून अगदी निराळ्या चालीवर येते, आणि ते त्या फक्त स्वयंपाकघरात, कोणी नसताना म्हणतात. त्यांची यादी कोणी मागितली नाही. ‘त्या मंडळाच्या सभासद नाहीत म्हणून’. तीन महिने एवढा काथ्याकूट झाला, मामंजी आणि दीर रुसले, आणि ज्यांनी मूळ गाणे कानांनी ऐकले त्या माजघरात भाजी चिरीत होत्या! हे वाचून आम्हांस जळगावकडच्या बहिणाबाईंची आठवण झाली. त्यांस लिहिता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात गाईलेली त्यांची गाणी मुलाने आणि नात्यातल्या दुसऱ्या एकाने उतरवून घेतली, तेवढीच राहिली. १९५२ साली पहिले पुस्तक निघाले तेव्हा त्यात पस्तीस रचना होत्या, आणि बहिणाबाई त्याच्या आदल्याच वर्षी गेल्या होत्या.

तेव्हा भगिनीस आमची सूचना अशी. पुढच्या बैठकीत यादीचा विषय काढू नये. मामंजी, दीर, जाऊबाई, तो मोबाईलवाला मुलगा, सर्वांनी सासूबाईंच्या सवडीने स्वयंपाकघरात बसावे. मुलाने मोबाईल ओट्यावर ठेवावा आणि तो आहे हे त्यांस सांगून, त्यांच्या संमतीने चालू करावा. चोरून मुळीच नको. एक भजन आठवले की दुसरे आठवते; मध्ये कोणी शब्द सुधारू नये, ताल धरू नये, ‘आम्ही हे असे म्हणतो’ असे तर चुकूनही बोलू नये. चाल उतरली की गावातील पेटीवाल्या गुरुजींकडून तिची स्वरलिपी करून घ्यावी आणि वहीत शब्दांच्या खाली ती छापावी. असेच आणखी चारपाच वृद्ध त्या आळीत निघतील. नाथमठाच्या गावात गाणाऱ्यांची वाण पडेल असे आम्हांस वाटत नाही.

छपाईपूर्वी एक व्यावहारिक गोष्टही पाहावी. आपल्याकडील कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर हक्क राहतो. म्हणजे महाराजांच्या रचनांचा तो २०२८ च्या अखेरीपर्यंत आहे. वही विनामूल्य वाटावयाची असली तरी गुरुकुंजास पत्र लिहून परवानगी विचारावी. त्याच पत्रात रचनांच्या काळाविषयीही विचारावे. काळानुसार लावताना त्याचा उपयोग होईल.

आणि एक्कावन्न हा आकडा शुभ असला तरी तो धरून बसू नये. एकोणपन्नास निवडावी, आणि शेवटची दोन पाने कोरी सोडून त्यांवर फक्त रेघा छापाव्या. ज्या घरी वही जाईल त्या घरच्यांनी आपली दोन लिहावी, कोणाकडून ऐकली त्याचे नाव घालून. मामंजी आणि दीर यांचे ज्या एका भजनावरून बिनसले ते कोणत्या पानावर येणार हा प्रश्नही त्यामुळे आपोआप सुटतो. दोघांकडे दोन प्रती द्याव्या. सासूबाईंच्या भजनाची जागा मात्र रेघांच्या पानावर नव्हे. ते एकोणपन्नासांत घ्यावे, आणि त्याच्यावर कंसात ‘चाल’ या शब्दापुढे दुसऱ्या कोणत्याही गाण्याचे नाव न घालता त्यांचेच नाव घालावे. आश्विन वद्य पंचमीस, महाराजांच्या पुण्यतिथीस, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मोझरीस लाखो माणसे मौन उभी राहतात. वही त्या दिवसापर्यंत निघावी अशी मंडळाची इच्छा आहे. वही महिनाभर मागे पडली तरी हरकत नाही. स्वयंपाकघरातील बैठक मात्र या आठवड्यातच व्हावी.